फिरणारा पंखा, तापणारी गाडी

खानदेशातल्या एका गावात केसरबाई निकुंभ नावाची बाई राहायची. तिच्या हातचे मांडे पंचक्रोशीत नावाजलेले होते. चुलीवर पालथं खापर तापवायचं, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ताटाहून मोठा करायचा आणि अलगद खापरावर टाकायचा. मांडा इतका पातळ व्हायचा की धरला तर पलीकडचा माणूस दिसावा. लग्नसराई आली की केसरबाई आपल्या सोबतच्या बायकांना घेऊन गावोगाव जायची. जिथे जाईल तिथे हसणं, गाणी आणि पुरणाचा वास सोबत न्यायची.

या बायकांना नेणारी गाडी होती तिच्या दिराची. त्याचं नाव पुंडलिक. बाजारपेठेच्या टोकाला त्याचं छोटंसं गॅरेज होतं. पुंडलिक मोठा कष्टाळू. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्याचा पाय एका जागी ठरत नसे. एका गाडीखालून निघाला की दुसऱ्या गाडीखाली शिरायचा. गिऱ्हाइकाशी प्रामाणिक होता, हातात कसबही होतं. एकच खोड होती. आपण केलेल्या कामाकडे तो पुन्हा वळून पाहत नसे.

"माझ्या हातून गेलेलं काम परत येत नाही," असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

त्या वर्षी होळीच्या सुमारास गाडीच्या इंजिनाचा पंखा बंद पडला. मोटर जळाली होती. पुंडलिकने जुन्या बाजारातून दुसऱ्या एका गाडीची मोटर आणली. ती नीट बसली, पण तिचा प्लग जुन्या प्लगशी जुळेना. त्यात काय! पुंडलिकने प्लग कापले, दोन वायरी दोन वायरींना जोडल्या, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि गाडी चालू करून ठेवली. इंजिन तापलं तसा पंखा भर्रकन फिरू लागला.

"फिरला!" पुंडलिक म्हणाला. हात पुसले आणि दुसऱ्या गाडीखाली गेला.

सपाट रस्त्यावर गाडी छान पळाली. पण आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दीतून हळूहळू काढायची वेळ आली, तेव्हा समोरच्या तापमापीचा काटा वर चढू लागला. पुंडलिकने गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं. पंखा जोरात फिरत होता.

"पंखा तर फिरतोय," तो मनाशी म्हणाला. "म्हणजे पंखा ठीक आहे. दोष दुसरीकडे असणार."

तिथून त्याची शोधाशोध सुरू झाली. पाणी पाहिलं, ते भरलेलं होतं. रेडिएटरचं झाकण बदललं. गाडी तापायची थांबली नाही. मग इंजिनातल्या पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट बदलला. तरी तेच. पाणी फिरवणारा पंप काढला, पाहिला, परत बसवला. तो चांगला होता. प्रत्येक वेळी सपाट रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चालायची आणि चढ किंवा गर्दी आली की तापायची. प्रत्येक वेळी पुंडलिक बोनेट उघडायचा, पंखा फिरताना पाहायचा आणि पुढे जायचा.

शेवटी त्याने रेडिएटर काढला आणि रऊफभाईकडे नेला.

रऊफ मन्यार हा बाजारपेठेतला रेडिएटर दुरुस्त करणारा. पुंडलिकचा जुना मित्र. त्याने रेडिएटर आतून धुतला, एकेका नळीतून पाणी सोडून पाहिलं आणि म्हणाला, "पुंडलिक, हा साफ आहे. गळत नाही, तुंबलेला नाही. दुखणं इथे नाही, दुसरीकडे बघ."

"दुसरीकडे सगळं बघून झालंय," पुंडलिक म्हणाला. "उरलाय तो हाच."

त्याने रेडिएटर परत बसवला. पुढच्या बाजाराला गाडी पुन्हा तापली. भर गर्दीत, भाजीवाल्यांच्या रांगेसमोर, बोनेटमधून वाफ निघाली. लोक जमले. कुणीतरी विचारलं, "काय पुंडलिकभाऊ, तुमचीच गाडी?"

पुंडलिकला ते लागलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो मोठ्याने म्हणाला, "गाडी माझी, पण रेडिएटर रऊफने धुतलाय! धुतला कसला, नुसतं पाणी दाखवलं. असल्या माणसाकडे कुणी काम देऊ नका!"

पलीकडे आपल्या दुकानाच्या फळीवर रऊफ उभा होता. हातातली पकड त्याने खाली ठेवली. काही बोलायला तोंड उघडलं, पण पुंडलिक तोवर पाठ फिरवून पाण्याची बादली आणायला निघून गेला होता. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं.

वैशाख आला. डोंगरावरच्या चारोळे गावातून केसरबाईला निरोप आला. तिथले दगडूअप्पा पवार यांच्या नातीचं लग्न होतं. सगळं गाव जेवणार होतं. आमरस आणि मांडे, दुसरं काही नाही. दगडूअप्पांनी मुद्दाम सांगितलं होतं, "केसरबाईंच्या हातचाच मांडा हवा. नाहीतर पंगत बसणार नाही."

केसरबाई दिराला म्हणाली, "भाऊजी, चारोळ्याला घाट चढावा लागतो. तुमची गाडी बाजारातसुद्धा तापते. या खेपेला भाड्याची गाडी करू या का?"

"वहिनी, माझं गॅरेज असताना तुम्ही भाड्याने जाणार? लोक काय म्हणतील!" पुंडलिक म्हणाला. "मी नवं पाणी भरलंय, नवं झाकण लावलंय. काही होत नाही."

केसरबाईने जास्त ताणलं नाही. दिराचं मन मोडणं तिला जमत नसे.

लग्नाच्या दिवशी पहाट फुटताच गाडी निघाली. मागे खापरं गवतात गुंडाळून ठेवलेली, पुरणाची पातेली, कणकेचे डबे, आणि त्यांच्यामध्ये बसलेल्या बायका. विमल होती, तिची जाऊ शांता होती, आणि सगळ्यांत थोरली हौसाबाई. हौसाबाईचे पुढचे दात गेले होते, पण जीभ जागेवर होती. गाडी सुरू झाल्यापासून ती एकामागून एक गाणी म्हणत होती आणि मधूनमधून पुंडलिकला चिमटे काढत होती.

सपाटीवर गाडी वाऱ्यासारखी गेली. घाट लागला. पहिलं वळण, दुसरं वळण. गाडी हळू झाली. पुंडलिकची नजर रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त. काटा हलला. वर सरकला. आणखी वर सरकला. पुढच्या वळणावर बोनेटच्या फटीतून पांढरी वाफ आली.

पुंडलिकने एका मोहाच्या झाडाजवळ गाडी थांबवली. इंजिन बंद केलं, पण चावी चालू ठेवली, म्हणजे पंखा फिरत राहील. मग कपाळाला हात लावून दगडावर बसला.

"झाकण उघडून पाणी घाला की," शांता म्हणाली.

"वाफ न गेलेला कुकर कुणी उघडतं का गं?" केसरबाई म्हणाली. "तोंडावर उडेल. निवू दे आधी."

"वहिनींचं बरोबर आहे," पुंडलिक पडलेल्या आवाजात म्हणाला. "गरम झाकणाला हात लावायचा नाही. थांबावंच लागेल."

"किती वेळ?" विमलने विचारलं.

ते पुंडलिकलाही माहीत नव्हतं. निवल्यावर निघालो तरी पुढच्या वळणावर पुन्हा तापणार, हे मात्र माहीत होतं. वर चारोळ्यात चुली पेटवून लोक वाट पाहत असतील. केसरबाईने आजवर कुणाच्या लग्नाला उशीर केला नव्हता. ती त्याला काहीच बोलली नाही. ती बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

हौसाबाईला मात्र बसवेना. उन्हं वर आली होती. "मी जरा गाडीपुढे सावलीला उभी राहते," ती म्हणाली. "पंखा फिरतोय, वारा तरी लागेल."

ती गाडीच्या तोंडासमोर, जाळीपुढे जाऊन उभी राहिली. आणि दुसऱ्याच क्षणी आपल्या अहिराणीत ओरडली, "ओ माय! मना पदर!"

जाळीतून आलेल्या वाऱ्याने तिचा पदर फडफडून उडाला आणि समोरच्या करवंदीच्या काटेरी झुडपात जाऊन अडकला. हौसाबाई एका हाताने पदर ओढतेय, दुसऱ्या हाताने डोकं झाकतेय आणि तोंडाने गाडीला शिव्या घालतेय. "मेली गाडी! गार वारा घ्यायला आले, तर चुलीसारखी अंगावर फुंकतेय! तोंड भाजलं माझं!"

बायका पोट धरून हसू लागल्या. केसरबाई हसली. पुंडलिकसुद्धा इतक्या काळजीत हसला.

आणि मग त्याचं हसू थांबलं.

"हौसाआजी," तो उठून म्हणाला, "पदर कुणीकडे उडाला?"

"कुणीकडे म्हणजे? तिकडे, काट्यात! डोळे फुटले का तुझे?"

"गाडीकडे नाही? गाडीपासून लांब?"

"लांबच की रे! नाहीतर काट्यात कसा गेला असता?"

पुंडलिक जाळीपुढे जाऊन उभा राहिला. तोंडावर गरम वाऱ्याचा झोत आला. त्याने मोहाचं वाळलेलं पान उचललं आणि जाळीजवळ धरलं. पान हातातून सुटलं आणि रस्त्यावर लांब उडून पडलं. त्याने दुसरं पान धरलं. तेही उडालं. तिसरं उडालं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

पंखा रेडिएटरच्या मागे असतो. त्याने पुढचा वारा आत ओढायचा असतो, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी थंड होतं. पान जाळीला चिकटून बसायला हवं होतं. इथे पंखा आतला गरम वारा बाहेर ढकलत होता. गाडी पळत असे तेव्हा समोरून येणारा वाराच काम भागवायचा आणि पंखा लागायची वेळच येत नसे. गाडी हळू झाली, तापली, की पंखा सुरू व्हायचा आणि येणाऱ्या थोड्याशा वाऱ्यालाही मागे रेटायचा. तो जितका जोरात फिरे, तितकी गाडी जास्त तापे.

आणि तो उलटा फिरत होता, कारण दोन वायरींची अदलाबदल झाली होती. त्या वायरी कुणी जोडल्या होत्या हे विचारायची गरज नव्हती.

पुंडलिकने चावी बंद केली. बॅटरीची वायर सोडवली. इंजिन निवेपर्यंत थांबला. मग काळी चिकटपट्टी उकलली, दोन्ही जोड सोडवले, ही वायर तिकडे आणि ती वायर इकडे केली, पुन्हा घट्ट पीळ दिला आणि पट्टी गुंडाळली. रेडिएटर हाताला कोमट लागल्यावर झाकण उघडून कमी झालेलं पाणी भरलं. बॅटरीची वायर परत लावली, गाडी सुरू केली आणि जाळीपुढे पान धरून उभा राहिला.

सगळ्या बायका त्याच्याभोवती गोळा झाल्या. काही वेळ काहीच झालं नाही. काटा हळूहळू वर आला. मग आतून भर्र आवाज आला आणि पान त्याच्या बोटांतून निसटून जाळीला चिकटून बसलं. जसं कुणी आतून धरून ठेवलंय. थोड्या वेळाने काटा खाली आला, पंखा आपोआप थांबला आणि पान टपकन खाली पडलं.

"बाई गं!" विमलने टाळ्या वाजवल्या.

"काय झालं होतं रे?" हौसाबाईने विचारलं.

पुंडलिकच्या तोंडाशी खरं उत्तर आलं होतं. पण सगळ्या त्याच्याकडे कौतुकाने पाहत होत्या. तो म्हणाला, "वायर सैल झाली होती."

गाडी घाट चढली. एकदाही तापली नाही. मागे गाणी सुरू झाली. पुंडलिकची नजर काट्यावर होती. काटा मध्यावर शांत उभा होता आणि त्याला स्वतःला मात्र घाम येत होता.

चारोळ्यात त्यांची वाटच पाहत होते. चुली पेटलेल्या, आंबे पिळून रसाची भांडी भरलेली. केसरबाईने पदर खोचला आणि खापरं चढवली. बघता बघता मांडे उतरू लागले. हौसाबाई उंडे भरत होती, शांता जाळ सारत होती, विमल भाजलेले मांडे घडी करून टोपलीत ठेवत होती. लहान पोरं मांडा हवेत फिरताना पाहायला रांग लावून उभी होती. केसरबाई मुद्दाम एखादा मांडा जास्त उंच फिरवायची आणि पोरं एकदम "हो!" करून ओरडायची.

पुंडलिकला बघून दगडूअप्पा पुढे आले. "या भाऊ, वेळेवर आलात. बरं झालं भेटलात, तुम्हांला सांगायचंच होतं. आमच्या ट्रॅक्टरचा रेडिएटर गळतोय. रऊफकडे देणार होतो. पण तुम्ही बाजारात बोललात ते आमच्या गड्याने ऐकलं. म्हटलं, पुंडलिकसारखा माणूस सांगतोय म्हणजे खरंच असणार. इकडच्या चारपाच जणांनी आपलं काम त्याच्याकडून परत आणलंय. चांगलं केलंत, सावध केलंत."

पुंडलिकने मान हलवली. तो पाणी प्यायला गेला आणि पाण्याचा तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिला.

केसरबाई खापरं बदलायला उठली होती. तिने त्याला पाहिलं.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचारा, वहिनी."

"घाटात वायर सैल होती म्हणालात. सैल वायर घट्ट करतात. तुम्ही तर इकडची वायर तिकडे लावलीत. मी बघत होते."

पुंडलिकने खाली पाहिलं. "वहिनी, मीच उलट्या जोडल्या होत्या. पंखा फिरतोय एवढंच बघितलं. कुणीकडे वारा घालतोय ते बघितलंच नाही. सगळ्यांचं काम तपासलं, माझं तेवढं राहिलं. रऊफभाईचा काही दोष नव्हता."

"मला सांगितलंत, बरं केलंत," केसरबाई म्हणाली. "पण रऊफभाईंचं नाव तुम्ही माझ्या कानात घेतलं नव्हतं. भर बाजारात घेतलं होतं." आणि ती नवं खापर उचलून चुलीकडे गेली. रागावली नव्हती. जाता जाता तिने त्याच्या दंडाला हलकेच हात लावला.

पंगत बसली. पुंडलिक रस वाढायला उभा होता. दोन रांगा वाढून झाल्या. तिसऱ्या रांगेत दगडूअप्पा आणि गावातले मोठे लोक बसले होते. तिथे आल्यावर पुंडलिकने रसाचं भांडं खाली ठेवलं.

"अप्पा, मंडळी, जेवता जेवता माझं एक ऐका," तो म्हणाला. "माझी गाडी तापत होती. मी बाजारात रऊफभाईला नावं ठेवली. त्याचं काम चोख होतं. दोष माझ्या हातचा होता. मी पंख्याच्या वायरी चुकीच्या जोडल्या होत्या, आणि दोन महिने दुसऱ्यांच्या कामात खोट शोधत फिरलो. आज घाटात कळलं. ज्यांनी माझं ऐकून रऊफभाईकडचं काम काढून आणलं, त्यांनी ते परत न्यावं. त्याच्यासारखा रेडिएटरवाला या भागात दुसरा नाही."

कुणाचा मांडा हातातच राहिला. एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, "म्हणजे पंखा उलटा बसवलास होय रे?"

"पंखा सुलटा होता, आजोबा," पुंडलिक म्हणाला. "वायरी उलट्या होत्या. आणि मी उलटा होतो."

आधी आजोबा हसले. मग त्यांच्या शेजारचा हसला. मग हसू रांगेतून असं पसरलं की वाढपीसुद्धा भांडी खाली ठेवून हसू लागले. चुलीमागून हौसाबाई दोन्ही हात पिठाचे घेऊन बाहेर आली.

"वायर सैल होती म्हणून मला थाप मारलीस होय रे लबाडा?" ती म्हणाली. "थांब, तुझं गाणंच करते." आणि तिने तिथल्या तिथे लग्नाच्या चालीवर सूर धरला:

"उलटा फिरला पंखा गं, पदर उडाला वरी,
खोट असे आपुल्या घरी, शोधी दुसऱ्याच्या दारी!"

बायकांनी ते उचललं. नवरीच्या मैत्रिणींनी उचललं. नवरी लाजत होती ती हसायला लागली, आणि नवरदेवाने तर ताल धरला. पुंडलिक आधी कानकोंडा झाला. मग त्याला वाटलं, दोन महिन्यांत पहिल्यांदा छाती हलकी झालीय. तोही गाऊ लागला.

दगडूअप्पा हात धुवून आले आणि म्हणाले, "ट्रॅक्टर उद्याच रऊफकडे धाडतो. आणि आमची जीप तुमच्याकडे."

"माझ्याकडे? हे सगळं ऐकूनसुद्धा?"

"हे ऐकलं म्हणूनच. चुका सगळेच करतात, भाऊ. पण माझ्या जीपमध्ये काही चुकलं तर तुम्ही मला सांगाल, हे आता मला माहीत झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी केसरबाईने फडक्यात मांडे बांधून दिले. पुंडलिक ते घेऊन बाजारपेठेत गेला. रऊफ दुकान उघडत होता. त्याने पुंडलिकला पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

"रऊफभाई," पुंडलिक म्हणाला, "पंखा उलटा फिरत होता. वायरी मी जोडल्या होत्या."

रऊफने हातातली दाराची फळी खाली ठेवली. मग म्हणाला, "मी सांगितलं होतं, दुखणं इथे नाही, दुसरीकडे बघ."

"हो."

"तू ऐकलं नाहीस."

"नाही ऐकलं. आणि वर तुझं नाव खराब केलं. काल चारोळ्याच्या पंगतीत सगळ्यांना खरं सांगितलं. पण बोललो होतो इथे, या बाजारात. म्हणून इथेही सांगायला आलोय."

"कुणाला सांगणार? अजून कुणी आलंच नाही." रऊफने रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. "बस. भाजीवाले येऊ देत."

दोघं फळीवर बसले. रऊफने फडकं सोडलं, मांडा हातावर उलगडला, त्यातून पलीकडे पुंडलिककडे पाहिलं आणि खायला सुरुवात केली. भाजीवाले आले. चहावाला आला. कासार आला. पुंडलिक उठला आणि उभ्या रस्त्यात सगळी हकिगत सांगू लागला. पहिल्यांदा त्याची जीभ अडखळली. नंतर आलेल्यांनी पुन्हा सांगायला लावलं, तेव्हा थोडी मोकळी झाली. तिसऱ्या वेळी तर तो हौसाबाई झाला, गळ्यातला रुमाल पदरासारखा डोक्यावर घेऊन "ओ माय! मना पदर!" असं ओरडत भाजीच्या पाट्यांमधून धावला. त्या धावण्यावर अख्खा बाजार लोटपोट झाला. सगळ्यांत मोठ्याने हसत होता तो रऊफ. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि त्याने पुंडलिकला हाताला धरून आपल्याजवळ बसवलं.

त्या उन्हाळ्यात रऊफच्या दुकानापुढे रेडिएटरांची रांग लागली, आणि पुंडलिकच्या गॅरेजपुढे गाड्यांची. फरक एवढाच झाला की पुंडलिक आता एका गाडीखालून निघाल्यावर लगेच दुसरीखाली शिरत नसे. आधी थोडा वेळ उभा राहून आपलं झालेलं काम निरखून पाहायचा.

तात्पर्य: नुसतं जोरात फिरणं म्हणजे काम करणं नव्हे, फिरण्याची दिशा बरोबर हवी, म्हणून खोट शोधायला निघालात तर पहिली नजर आपल्याच हातच्या कामावर टाका, आणि ती तिथे सापडली तर ज्या चारचौघांत दुसऱ्याला दोष दिला, त्याच चारचौघांत मोकळ्या मनाने कबूल करा.